मदत हवी आहे: जीआरएनमध्ये (माल मिळाल्याच्या नोंदीत) २० नग कमी, पूर्ण बिलच अडकलंय

भोसरीत आमचं छोटं मशीनिंग युनिट आहे, उद्यम या सरकारी नोंदणीत मायक्रो, मॅन्युफॅक्चरिंग. एका मोठ्या कंपनीला ५०० बुश दिले, डिलिव्हरी चलनावर त्यांच्या गेटचा शिक्का आहे, पण त्यांच्या स्टोअरने जीआरएन ४८० चाच केलाय. २० नग क्वालिटीने रिजेक्ट केले म्हणतात, तेही तोंडी आणि महिन्याभराने. आता त्यांच्या सिस्टीममध्ये पीओ (पर्चेस ऑर्डर), जीआरएन आणि बिल जुळत नाही म्हणून २० नगांचे नाही तर सगळेच पैसे थांबलेत, ७० दिवस झाले.

पर्चेसवाले म्हणतात अकाउंट्सला विचारा, अकाउंट्स म्हणतं जीआरएन दुरुस्त करून आणा, स्टोअरवाले फोनच उचलत नाहीत. तीन मेल केले, त्यांच्या पोर्टलवर तक्रारही टाकली. बिल जीएसटीआर-१ मध्ये (जीएसटीच्या विक्री रिटर्नमध्ये) गेलंय त्यामुळे रद्द करून नवीन काढणं नकोय. रिजेक्ट माल परत आलेला नाही, त्यांची डेबिट नोटही (पैसे कापल्याचा कागद) नाही. पीओवर ६० दिवस लिहिलंय पण एमएसएमई कायद्याने ४५ च्या वर जाता येत नाही हे माहितीये. समाधान पोर्टलवर (लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारीचं सरकारी पोर्टल) लगेच जायचं नाही, निम्मं काम यांच्याकडूनच येतं.

१५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरतात ना, मग मी २० नगांची क्रेडिट नोट (बिल तेवढं कमी करणारा कागद) देऊन ४८० चे पैसे सोडवून घेतले तर उरलेल्या २० वरचा हक्क जातो का? आणि कोणी असं अडकलेलं बिल सोडवलं असेल तर आत नक्की कोणाला धरलं, स्टोअर की अकाउंट्सचा हेड?