ऑर्किडला फुलं येत नाहीत, मदत हवी आहे

इरावती:
ऑर्किड आणलं तेव्हा फुलांनी लगडलेलं होतं. ती गळाली आणि तेव्हापासून नुसती पानं. पानं एकदम हिरवीगार, नवीनही येतायत, म्हणजे झाड ठणठणीत आहे. पाणी, खत सगळं वेळेवर. व्हिडिओत बघून कांद्याच्या सालीचं पाणीसुद्धा घालून झालं. मार्चअखेर घरी मुंज आहे, तोवर फुलं हवीत. काय घालू? जरा लवकर सांगा.

गच्चीवरचा माळी:
कुठलं ऑर्किड? गाव कुठलं? उजेड किती, कुंडी कसली, मुळं कशात आहेत? फोटो टाका.

इरावती:
ऑर्किड म्हणजे ऑर्किड, जांभळ्या फुलांचं. फोटो चढत नाहीये. काय घालायचं तेवढं सांगा ना.

निखिल_सांगोला:
००:५२:३४ मारा, फॉस्फरस-पोटॅशचं खत. लिटरला ५ ग्रॅम, आठ दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या. आमच्या डाळिंबाला हमखास रिझल्ट आहे.

गच्चीवरचा माळी:
निखिलभाऊ, ते डाळिंब आहे, हे ऑर्किड. या डोसने मुळांची टोकं जळतील. ऑर्किडला १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मुळांवर, पुष्कळ झालं. आणि खताने फुलं *येत* नाहीत. येणारी फुलं चांगली पोसतात, एवढंच.

निखिल_सांगोला:
फॉस्फरसशिवाय फूल? बरं. चालू द्या.

सुलभाकाकू:
अगं इरावती, पाणी तोड आणि उन्हात ठेव! माझ्या माहेरी म्हापशाला नारळाच्या बुंध्याला बांधलेली ऑर्किडं आहेत. कुणी बघतसुद्धा नाही त्यांच्याकडे, तरी वर्षातून दोनदा फुलतात. तुम्ही लोक फार लाड करता.

भोचक भवानी:
काकू, ती डेंड्रोबियम असणार. त्यांना ऊन चालतं. इरावती, एकच सांग: झाडाला उसासारख्या उभ्या कांड्या आहेत, की रुंद जाड पानं बुडाशीच एकावर एक बसलीत?

इरावती:
कांड्या नाहीत. पाच-सहा रुंद पानं. आणि कुंडीबाहेर जाड पांढरट मुळं लोंबतायत, फार घाण दिसतं. कापून टाकू का?

गच्चीवरचा माळी:
कापू नका!! हे फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड, थोडक्यात फॅल. ती मुळं हवेतलीच असतात. कोरडी असताना चंदेरी, पाणी मिळालं की हिरवी होतात. पाणी कधी घालायचं ते त्यांच्या रंगावरून कळतं, वार बघून घालू नका.
आता तरी सांगा, झाड ठेवलंय कुठे?

इरावती:
हॉलमध्ये, टीव्ही युनिटवर. खिडकी समोरच आहे, भरपूर उजेड येतो. ठाणे, चौदावा मजला.

भोचक भवानी:
समोर म्हणजे किती फुटांवर? आणि काचांना फिल्म आहे का?

इरावती:
दहा-बारा फूट असेल. फिल्म आहे, पश्चिमेचं ऊन फार येतं म्हणून बिल्डरनेच लावून दिली. त्याचा काय संबंध?

गच्चीवरचा माळी:
सगळा संबंध तिथेच आहे. तुम्ही 'हिरवीगार पानं' लिहिलंत तेव्हाच शंका आली होती. फॅलची पानं गडद हिरवी असतील तर उजेड कमी पडतोय. पोपटीकडे झुकलेला हिरवा हवा, कडा लालसर झाल्या तर ऊन जास्त. दुपारी पानावर वीतभर वर हात धरा. सावली पुसट पण ओळखू येईल अशी पडली तर जागा बरी. सावलीच पडली नाही तर तिथे पानंच येत राहणार. पूर्वेची खिडकी आहे का?

इरावती:
बेडरूमला आहे. फिल्म नाही. पण तिथे रात्रभर एसी असतो, झाड मरेल.

आयंडहोवनकर:
उलट, तो एसीच कामाला येईल. इकडे नेदरलँड्समध्ये फॅल सुपरमार्केटात भाजीशेजारी मिळतात. ग्रीनहाउसवाले आधी २७-२८ अंशांत नुसती पानं वाढवतात. झाड पुरेसं मोठं झालं की १९-२० अंशांच्या थंड भागात हलवतात आणि काही आठवड्यांत फुलाचा दांडा येतो. सतत २८च्या वर राहिलं तर फॅल पानांवरच खूश असतं. ऑक्टोबरात ठाण्यातल्या हॉलमध्ये रात्री किती असतं ते तुम्हीच बघा.

सुलभाकाकू:
आता झाडांनाही एसी! बिल कोण भरणार?

गच्चीवरचा माळी:
काकू, एसी माणसांसाठी चालूच आहे, झाड फक्त त्या खोलीत न्यायचं. एसी न लावता डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतही दांडा येतो. पण मग फुलायला एप्रिल उजाडेल, कारण दांडा दिसल्यापासून फूल उमलायला अडीच-तीन महिने जातात. मार्चअखेर हवं असेल तर आत्ताच हलवा. एसी २२-२३ वर, झोत थेट झाडावर नको. सकाळी एसी बंद, पडदा उघडा.

रानवाटा:
सह्याद्रीतलं रानऑर्किड, सीतेची वेणी, कुणाच्या एसीशिवाय पावसाच्या तोंडावर झाडाझाडावर लोंबतं. ही विदेशी नाजूक झाडं घरात आणायचीच कशाला?

भोचक भवानी:
मग तुमचा सल्ला काय, जंगलातून उपटून आणायची?

रानवाटा:
अजिबात नाही! जंगलातून काहीही आणू नये, हेच तर सांगतोय.

भोचक भवानी:
बरं.

इरावती:
कृपया विषयावर या. आज झाड बेडरूममध्ये नेलं. बर्फाचे खडे घालू का? थंडी मिळेल म्हणून.

गच्चीवरचा माळी:
नाही. थंडी हवेत हवी, बुडाशी नको. कुंडीला भोक आहे का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

इरावती:
आतली प्लॅस्टिकची आहे तिला आहेत. बाहेरच्या सिरॅमिकला नाही, टेबल खराब होतं.

भोचक भवानी:
म्हणजे तळाशी पाणी साचतंय. पाणी घालताना आतली काढून सिंकमध्ये धर, पूर्ण निथळू दे, मग परत ठेव. आणि बुंध्याजवळ बोटाने चाचपून बघ, बऱ्याच नर्सऱ्या मधोमध शेवाळाचा बोळा तसाच ठेवतात. तो ओला राहिला की मुळं आतून कुजतात. कुजलेलं निघालं तर नव्या कुंडीत भरायला लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे आणून ठेव. दांडा येऊन फुलं होईपर्यंत मात्र कुंडी बदलू नकोस.

इरावती:
दांडा आला हे कळणार कसं? मला सगळं मुळासारखंच दिसतं.

गच्चीवरचा माळी:
मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं. दांड्याचं टोक चपटं, अंगठा मुडपलेल्या हातमोज्यासारखं, आणि तो पानाच्या बगलेतून निघून उजेडाकडे वळतो. दिसला की कुंडी फिरवत बसू नका. कळ्या धरल्यावर शेजारी पिकलेली केळी-सफरचंदं ठेवू नका, त्यातल्या इथिलीनने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

चाफेकळी८२:
धागा चांगला चाललाय म्हणून इथेच विचारते. माझी पीस लिली आणली तेव्हा दहा-बारा फुलं होती, नंतर एकही नाही. तिलाही एसी लागतो का?

आयंडहोवनकर:
नाही. पीस लिलीला विक्रीआधी जिबरेलिक ॲसिड (जीए, वाढीचं संप्रेरक) फवारून एकदम फुलवतात. त्याचा असर एकदाच. पुढे तिच्या मर्जीने, चांगल्या उजेडात एखाद-दुसरं येईल.

निखिल_सांगोला:
जीए म्हणताय? ते आमच्याकडे द्राक्षवाले मण्याच्या साइझसाठी वापरतात. डब्बी पडलीय घरात. लिटरला किती?

गच्चीवरचा माळी:
निखिलभाऊ, नको.

इरावती:
ते ऑर्किडला चालेल का? मुंजीआधी नक्की येतील मग.

गच्चीवरचा माळी:
फॅलला जीएने फुलं वेडीवाकडी येतात. ताई, बोळा चाचपलात का?