मदत हवी आहे: घरचा जनरेटर दुरुस्त करायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन (मानेवाडा, नागपूर)

घरी ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे, सिंगल फेज, वॉरंटी संपलेली. इंजिन एका ओढीत सुरू होतं, आवाजही एकसारखा, पण करंट येत नाही. सगळा लोड काढून सॉकेटवर मल्टिमीटर लावला तर जेमतेम चार-पाच व्होल्ट दाखवतो. ऑइल, पेट्रोल ठीक. जनरेटरचा ब्रेकर चालू आहे, सॉकेट बदलून पाहिलं, कार्बन ब्रशही झिजलेले नाहीत. एव्हीआर (जनरेटरचं व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग) गेला असावा असं मला वाटतं. एका मेकॅनिकने मात्र मीटर न लावताच "वाइंडिंग जळालं, नवीनच घ्या" म्हणून सांगितलं. ते काही पटत नाही.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. सध्या जनरेटर घराच्या वायरिंगला जोडायला नीट चेंजओव्हर स्विच (एका वेळी महावितरण किंवा जनरेटर यांपैकी एकच पुरवठा घराला जोडणारा) नाही. उलटा करंट महावितरणच्या लाइनवर गेला तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल चेंजओव्हर आणि अर्थिंग त्याच माणसाकडून करून घ्यायचं आहे.

बाबांना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो, म्हणून जनरेटर दुकानात आठवडाभर सोडता येणार नाही. घरी येऊन तपासणारा हवा. इन्व्हर्टर आहे, पण जास्त वेळ टिकत नाही.

वायरमन परवाना असलेला आणि अल्टरनेटरचं (जनरेटरचा वीज तयार करणारा भाग) कामही येणारा कोणी तुमच्या खात्रीचा आहे का? तपासायला यायचे साधारण किती घेतात, आणि चेंजओव्हरचं काम झाल्यावर त्याच्याकडून लेखी काय घ्यावं?