सद्दामचा इराक १९९१ मध्ये अमेरिकेपुढे टिकू शकला असता का?

सह्यकडा

२ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत गिळलं, तेव्हा जिकडेतिकडे एकच गोष्ट ऐकू येत होती: जगातलं चौथ्या क्रमांकाचं सैन्य. दहा लाखांच्या आसपास फौज, साडेपाच हजार रणगाडे आणि इराणशी आठ वर्षं लढून तयार झालेले अधिकारी. अमेरिकेला वाळवंटात दुसरं व्हिएतनाम भेटणार, असं छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. प्रत्यक्षात १७ जानेवारी १९९१ ला हवाई हल्ले सुरू झाले, २४ फेब्रुवारीला जमिनीवरची लढाई सुरू झाली आणि ती शंभर तासांत आटोपली. प्रत्यक्ष लढाईत मेलेले अमेरिकी सैनिक दीडशेच्या आत.

आजही कुठल्याही देशाबद्दल बोलताना 'यांच्याकडे इतके रणगाडे, इतकी क्षेपणास्त्रं, हे महासत्तेला पुरून उरतील' अशी बेरीज मांडली जाते, म्हणून हा धागा. माझं मत: इराक टिकूच शकत नव्हता, आणि याचा सैनिकांच्या धैर्याशी संबंध नाही.

२६ फेब्रुवारीची लढाई बघा. वाळूचं वादळ सुटलेलं. सद्दामच्या निवडक फौजेचे, म्हणजे रिपब्लिकन गार्डचे टी-७२ रणगाडे खणलेल्या खड्ड्यांत दबा धरून बसलेले. अमेरिकी रणगाड्यांच्या उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींना ते धुळीतूनही दिसत होते, इराकी तोफचींना समोर नुसती धूळ. मॅकमास्टर नावाच्या कॅप्टनच्या तुकडीने (हेच पुढे ट्रम्प यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले) अर्ध्या तासाच्या आत दोन डझनांहून जास्त रणगाडे फोडले आणि स्वतःचा एकही गमावला नाही. गार्डवाले पळाले नव्हते. ते जागेवर लढत मेले. ज्याला शत्रू दिसतच नाही त्याने किती रणगाडे बाळगले याला काय अर्थ?

आकाशातही तेच. फ्रेंचांनी उभारून दिलेल्या 'कारी' या हवाई संरक्षण यंत्रणेच्या नाड्या मोजक्या नियंत्रण केंद्रांच्या हाती होत्या. पहिल्याच रात्री त्या केंद्रांवर घाव बसला आणि रडार, क्षेपणास्त्रं, विमानं यांचा एकमेकांशी मेळ राहिला नाही. पुढे शंभराहून जास्त इराकी विमानं जीव वाचवायला इराणमध्ये जाऊन उतरली. ज्याच्याशी आठ वर्षं युद्ध केलं त्याच्या दारात! इराणने ती ठेवून घेतली.

जुनी_तोफ

लढाईचं वर्णन बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. तुम्ही फेब्रुवारी बघताय, मी ऑगस्ट बघतोय. अमेरिकेच्या ८२व्या हवाई डिव्हिजनचे पहिले जवान सौदीत उतरले तेव्हा त्यांच्याकडे जड रणगाडे नव्हते. कुवेतच्या दक्षिण सीमेपासून जुबैल बंदर दोन-अडीचशे किलोमीटरवर. जुबैल आणि दम्माम ही बंदरं हातची गेली असती तर पाच लाख अमेरिकी फौज, तिचे रणगाडे आणि दारूगोळा उतरवायचा कुठे? सद्दामने साडेपाच महिने दिले. एवढ्या वेळात अमेरिकेने समुद्रापलीकडून अख्खं सैन्य आणून वाळवंटात मांडलं. प्रादेशिक सत्तेला महासत्तेपुढे एकच संधी असते, ती म्हणजे समोरचा पोहोचायच्या आधीचे आठवडे. सद्दामने ती संधी खंदक खणण्यात घालवली. त्यामुळे 'टिकूच शकत नव्हता' हे मला मान्य नाही. टिकायला जे करायचं ते त्याने केलं नाही, एवढंच म्हणता येईल.

सह्यकडा

@जुनी_तोफ, जुबैल घेतलं असतं असं धरू. तांबड्या समुद्राकाठी जेद्दा आणि यान्बू उरतात, उत्तरेला तुर्कस्तान उरतं. शिवाय कुवेतपासून जुबैलपर्यंत उघड्या किनाऱ्यावर लांबलेली इराकी रसद अमेरिकी विमानांनी किती दिवस चालू दिली असती? वर सौदी तेलक्षेत्रांवर हल्ला झाल्यावर जपान आणि युरोप आणखी पेटून उठले असते. दोन-चार महिने जास्त लागले असते, हे मी मानतो.

उत्तररात्र

तुम्ही दोघंही मोकळ्या मैदानातल्या युद्धात अडकलात. सर्बियाकडे बघा. २४ मार्च ते १० जून १९९९, तब्बल ७८ दिवस नाटोचे बॉम्ब पडले. २७ मार्चला सर्बियन तुकडीने साठच्या दशकातल्या सोव्हिएत एस-१२५ क्षेपणास्त्राने अमेरिकेचं एफ-११७ पाडलं. हेच 'अदृश्य' विमान बगदादवर एकही ओरखडा न येता फिरलं होतं. सर्बियनांनी काय वेगळं केलं? रडार काही सेकंदच चालू ठेवायचं, लगेच बंद करायचं, तळ हलवायचा. खोटे रणगाडे उभे केले, खरे झाडीत आणि गोठ्यांत लपवले. ज्या प्रांतासाठी हे युद्ध झालं त्या कोसोव्होतून त्यांचं सैन्य माघारी निघालं तेव्हा नाटोच्या दाव्यांपेक्षा कितीतरी जास्त रणगाडे शाबूत होते. म्हणजे लहान सैन्यालाही शिकता येतं. इराकने शिकायचं नाकारलं.

सह्यकडा

आणि शेवटी कोसोव्हो सोडावंच लागलं ना? पुढच्या वर्षी सर्बियाचा नेता मिलोसेविच याची सत्ताही गेली.

उत्तररात्र

गेली, पण आपल्याच जनतेच्या उठावामुळे. नाटोचा एकही रणगाडा बेलग्रेडमध्ये शिरला नाही.

मांडवीकाठ

माझे वडील तेव्हा कुवेतमध्ये नोकरीला होते. आमच्या गोव्यातली कितीतरी घरं कुवेतच्या पगारावर चालायची. एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मान ते मुंबई उड्डाणं करून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, त्यांत ते होते. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या रणगाड्यांचा नाही. पण मुद्दा चर्चेचाच मांडते.

इराक एकटा पडला, हे कुणी नीट धरत नाहीये. व्हिएतनामला मॉस्कोहून क्षेपणास्त्रं आणि मिग येत होते, चीनमधून तांदूळ आणि बंदुका. सद्दामचा मुख्य पुरवठादार सोव्हिएत संघच, आणि २९ नोव्हेंबर १९९० ला सुरक्षा परिषदेत बळाच्या वापराला मुभा देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्याने हात वर केला. चीन तटस्थ राहिला. विरोधात क्यूबा आणि येमेन, दोनच. सीरिया आणि इजिप्तच्या फौजा अमेरिकेबरोबर उभ्या होत्या. भारताचं इराकशी जुनं सख्य, तरी जानेवारी १९९१ मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं. काँग्रेसने ओरड केल्यावर फेब्रुवारीत ते थांबलं. ज्याचा गोळा संपला की दुसरा कुठून येणार हे ठरलेलं नाही, त्याचे पहिल्या दिवशीचे साडेपाच हजार रणगाडे मोजू नका. 'उत्तररात्र' यांनी सांगितलेल्या युक्त्यांनी दिवस मिळतात, पण त्या दिवसांत मदत येणारच नसेल तर त्यांचं करायचं काय?

बारा_बलुतेदार

पण सद्दाम टिकला की! मार्च १९९१ मध्ये बसरा, नजफ, करबला आणि उत्तरेत कुर्दांनी उठाव केले, तेही त्याने चिरडले आणि पुढे २००३ पर्यंत राज्य केलं. सत्ता वाचवणं हाच त्याचा हेतू असेल तर तो जिंकलाच म्हणायचा.

सह्यकडा

@बारा_बलुतेदार, हे मला अजिबात सहन होत नाही. १३ फेब्रुवारीला बगदादच्या अमिरिया भागातल्या बॉम्बरोधक निवाऱ्यावर दोन बॉम्ब पडले आणि चारशेच्या वर माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, आत जळून मेली. वीजकेंद्रं उडाल्यावर पाणी शुद्ध करणारे आणि सांडपाणी उपसणारे पंप बंद पडले. ऑगस्ट १९९० ला लागलेले निर्बंध सद्दाम जाईपर्यंत राहिले, दिनार मातीमोल झाला, शिक्षक आणि डॉक्टर घरातली पुस्तकं नि भांडी विकून जगले. राजवाडे तेवढे उभे राहिले. ज्या बसऱ्यातल्या लोकांना त्याने उठावानंतर गोळ्या घातल्या, त्यांच्या हिशेबात कोण टिकलं?

@मांडवीकाठ, तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

जुनी_तोफ

एक राहिलं. मे २००३ मध्ये अमेरिकेने इराकी सैन्य बरखास्त केलं. त्यातलेच कित्येक अधिकारी आणि जवान बंडखोरांत गेले आणि फलुजा, रमादीच्या गल्ल्यांत रस्त्याकडेला सुरुंग पेरून २०११ पर्यंत लढले. अमेरिकेचे जवळपास साडेचार हजार सैनिक मेले. व्हिएतनामसारखं जंगल नव्हतं, सोव्हिएत संघ नव्हता, रणगाडे तर नव्हतेच. १९९१ मध्ये कुवेत सोडून याच शहरांत लढायची तयारी ठेवली असती तर?

सह्यकडा

तर अमेरिका शहरांत शिरलीच नसती. थोरल्या बुशनी बगदादला जायचं टाळलं ते याच कारणासाठी. २००३ नंतर बंडखोरांना अमेरिकी सैनिक रोज समोर सापडत होते, कारण ते तिथे राज्य चालवायला बसले होते. १९९१ मध्ये त्यांना कुवेत मोकळं करायचं होतं. ते देऊन टाकून शहरात बसणं म्हणजे ज्याच्यासाठी युद्ध ओढवून घेतलं तेच आधी सोडणं. मग ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये शिरायचं तरी कशाला? जुनी_तोफ, याचं उत्तर तुमच्याकडून हवंय.