समाजशास्त्राच्या पोरांना आकडेवारी कशी शिकवायची?

मालव्यातली_मास्तरीण: इंदूरला बीए फर्स्ट इयरला रिसर्च मेथड्स घेते. बऱ्याच जणांनी गणित दहावीनंतर सोडलंय, स्टँडर्ड डेव्हिएशनचा (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचा) फॉर्म्युला लिहिला की चेहरेच पडतात. पाठ करून पास होतात, पण जनगणनेचा तक्ता दिला तर एक वाक्य बोलता येत नाही. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड्या: फॉर्म्युला बाजूलाच ठेवा हो मॅडम. भंवरकुआंला कोचिंगची पोरं भाड्याने राहतात ना, प्रत्येकाला चार-पाच खोल्यांचं भाडं विचारून आणायला सांगा, सगळं एक्सेलमध्ये टाका, एखाद-दोन महागडे फ्लॅट आले की सरासरी वर पळते आणि मध्यक, म्हणजे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, फारसा हलत नाही हे त्यांना स्वतःलाच दिसतं. मग विचारा, आतल्या गल्लीत कोणी गेलंच का नाही? सॅम्पलिंग, म्हणजे कोणाकोणाला विचारायला निवडायचं, तिथेच सुरू होतं.

बडोदेकर_काकू: खरी गोची टक्केवारीत असते, कशाची टक्के हेच कळत नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे १९७३ चे प्रवेश घ्या. पुरुष अर्जदारांतले साधारण ४४ टक्के निवडले, बायकांतल्या ३५, म्हणजे उघड भेदभाव वाटतो, पण विभागवार बघितलं तर बहुतेक ठिकाणी तसं दिसत नाही, कारण बायकांचे अर्ज जास्त करून कठीण प्रवेशाच्या विभागांत होते. वर्गात भांडणं होतात. होऊ द्या!

मालव्यातली_मास्तरीण: भाड्याचं करतेच. पण परीक्षेत हातानेच गणित असतं, त्याचं काय?

आकडेमोड्या: त्याच भाड्यातले पाच आकडे घ्या आणि हाताने करवा. पाचच, पन्नास नकोत.