अपडेटनंतर जुन्या फोनवर व्हिडिओ अडखळतात, आवाज मात्र नीट येतो. काय तपासावं?

संथवाहिनी
मंडळी, मदत हवी आहे. सासऱ्यांचा अँड्रॉइड फोन जुना आहे, पण आतापर्यंत कुरकुर न करता चालत होता. मध्यंतरी सिस्टिमचं अपडेट आलं, त्यांनी ते टाकलं आणि तेव्हापासून व्हिडिओचं बिनसलंय. आवाज सलग येतो, चित्र मात्र अडकत अडकत सरकतं. मध्येच थिजतं, मग एकदम उडी मारून आवाजाला गाठतं. थोडा वेळ बघितलं की फोनची पाठ चांगलीच तापते. त्याच वाय-फायवर माझ्या फोनवर तोच व्हिडिओ व्यवस्थित चालतो, म्हणजे नेटचा दोष नसावा.

रीस्टार्ट करून झालं, ॲप अपडेट करून झालं. आता जो तो सांगतोय की फॅक्टरी रीसेट मार. पण मग फोटो, बँकेचं ॲप, चॅटचा बॅकअप हे सगळं पुन्हा बसवणं माझ्याच गळ्यात पडणार. त्याआधी काही करून बघण्यासारखं आहे का? की सरळ नवा फोन घ्यावा? सासरे रोज विचारतात, "झाला का गं नीट?"

चकमक
अपडेट झाल्या झाल्या एक-दोन दिवस फोन आतल्या आत बरंच काम करत असतो. ॲप्स नव्या सिस्टिमसाठी पुन्हा तयार करून ठेवतो वगैरे. तेवढ्यापुरता तो तापतो आणि रेंगाळतो. रात्रभर चार्जिंगला लावून ठेवला की ते उरकतं. तुमच्याकडे तो काळ उलटून गेलेला दिसतोय. बॅटरी सेव्हर आपोआप चालू झालेला नाही ना? आणि स्टोरेज किती रिकामं आहे? काठोकाठ भरलेला फोन सगळ्यातच रडतो.

संथवाहिनी
बॅटरी सेव्हर बंद आहे. स्टोरेज निम्मं रिकामं आहे, ते फोटो फारसे काढतच नाहीत.

पुन्हा_शून्यापासून
रीसेट करा आणि मोकळे व्हा. मोठ्या अपडेटनंतर मी नेहमी करतो. जुना कचरा राहिला की असंच होतं.

तारायंत्र
रीसेट अगदी शेवटी ठेवा. रीसेटने तुमचा डेटा जातो, नवी सिस्टिम मात्र तशीच राहते. दोष सिस्टिमच्या नव्या वागण्यात असेल तर दिवसभर खपून पुन्हा त्याच जागी याल.

तुम्ही लक्षणं छान लिहिली आहेत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. व्हिडिओ दाबून, आकसून साठवलेला असतो आणि बघताना तो दर सेकंदाला ३० किंवा ६० वेळा उलगडावा लागतो. फोनच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळा भाग असतो, हार्डवेअर डिकोडर. तो थोडक्या विजेत, फारसा न तापता काम करतो, पण त्याला ठरावीक फॉरमॅटच कळतात. एच.२६४ (२००३ चा) जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनला कळतो. एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३ चे, तेही बऱ्याच फोनना जमतात. अडचण एव्ही१ ची. हा फॉरमॅट २०१८ मध्ये आला. मीडियाटेकने २०१९ च्या डायमेन्सिटी १००० मध्ये त्याचा डिकोडर दिला, क्वालकॉमच्या वरच्या श्रेणीत तो २०२२ च्या स्नॅपड्रॅगन ८ जेन २ पासून आला आणि आयफोनमध्ये २०२३ च्या १५ प्रोपासून. त्याआधीच्या चिपवर एव्ही१ चा व्हिडिओ लागला की सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडतं. तो तापतो, तापला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि मग चित्रं वेळेत तयार होत नाहीत. आवाज उलगडायला फार ताकद लागत नाही, म्हणून तो सलग येतो. प्लेअर आवाजाला धरून चालतो आणि उशिरा तयार झालेली चित्रं टाकून देतो. तुम्ही म्हणता ती 'उडी' तीच.

यात अपडेट कुठे आलं? २०२४ मध्ये अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनसाठी 'डेव्हिड' नावाचा एव्ही१ चा सॉफ्टवेअर डिकोडर (म्हणजे मुख्य प्रोसेसरवरच चालणारा) गुगल प्ले सिस्टिम अपडेटमधून आला. पूर्वीच्यापेक्षा तो खूप वेगवान आहे. पण त्यामुळे एखादं ॲप 'या फोनला एव्ही१ जमतं' असं धरून चालू शकतं आणि आधी साधा फॉरमॅट मिळणाऱ्या फोनला हा जड फॉरमॅट मिळायला लागतो.

हा अंदाज झाला. खात्री करून घ्या. त्याच फोनच्या कॅमेऱ्याने मिनिटभराचा व्हिडिओ काढा आणि फोनमध्येच चालवून बघा. तो मेमरी कार्डवर जात असेल तर आधी फोनच्या स्टोरेजमध्ये घ्या, नाहीतर कार्डाच्या संथपणाचं खापर फोनवर फुटेल. स्वतः काढलेला व्हिडिओही अडखळला तर माझा तर्क चुकला, गडबड सिस्टिममध्ये किंवा हार्डवेअरमध्ये आहे. तो नीट चालला तर ऑनलाइन ॲपमध्ये खेळणाऱ्या व्हिडिओची तांत्रिक माहिती उघडा. यूट्यूबमध्ये या सोयीला 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' म्हणतात आणि ती आधी सेटिंग्जमधून चालू करावी लागते. दुसऱ्या ॲपमध्ये वेगळ्या नावाने असू शकते. त्यात कोडेकसमोर (म्हणजे व्हिडिओच्या फॉरमॅटसमोर) काय लिहिलंय ते इथे सांगा. एव्हीसी१ म्हणजे एच.२६४, व्हीपी०९ म्हणजे व्हीपी९ आणि एव्ही०१ म्हणजे आपला संशयित. खाली 'ड्रॉप्ड फ्रेम्स'चा, म्हणजे टाकून दिलेल्या चित्रांचा, आकडा असतो, तो वाढत जातोय का तेही बघा.

चकमक
+१. आणि 'क्लिअर कॅशे' करायला हरकत नाही, पण शेजारचं 'क्लिअर स्टोरेज' दाबू नका. त्याने लॉगिन जातं आणि ऑफलाइन बघायला उतरवलेले व्हिडिओही जातात.

धूसर_पडदा
याच धाग्यात विचारतो. माझ्याकडे चित्र अडखळत नाही, पण अपडेटपासून पैसे भरून घेतलेल्या चित्रपटांच्या ॲपमध्ये सगळं धूसर दिसतं. आधी तोच चित्रपट लख्ख दिसायचा. क्वालिटी 'हाय'वरच आहे.

तारायंत्र
तुमचं दुखणं वेगळं आहे. अशा ॲप्समधल्या व्हिडिओला कॉपी होऊ नये म्हणून कुलूप (डीआरएम) असतं आणि अँड्रॉइडवर ते बहुतेक वेळा गुगलच्या वाइडवाइनचं असतं. फोनची सुरक्षेची पातळी एल१, म्हणजे सगळ्यात वरची, असेल तर एचडी मिळतं. ती घसरून एल३ झाली की बरीच ॲप्स चित्र ४८० पीच्या (उंचीत ४८० ओळींच्या) आसपासच थांबवतात, मग सेटिंगमध्ये 'हाय' ठेवा नाहीतर काहीही ठेवा. 'डीआरएम इन्फो' नावाचं छोटं ॲप पातळी दाखवतं. फोनचा बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) कधी अनलॉक केलाय का? केला असेल तर कारण बहुधा तेच. केला नसेल आणि तरी एल३ दिसत असेल, तर फोनच्या कंपनीकडे तक्रार करा आणि पुढच्या अपडेटवर लक्ष ठेवा. ॲप काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

धूसर_पडदा
एल३ दाखवतंय. बूटलोडरला हात लावलेला नाही. तक्रार टाकतो, आभार!

संथवाहिनी
तारायंत्र, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ अगदी सरळ चालतो. ऑनलाइन ॲपमध्ये कोडेकसमोर एव्ही०१ लिहिलंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा बघता बघता शेकड्यांत जातो. सासऱ्यांना खेळांचे व्हिडिओ आवडतात, ते ७२० पी ६० (सेकंदाला ६० चित्रं) आहेत. त्यात सगळ्यात जास्त अडकतं. बातम्यांचे व्हिडिओ त्यामानाने बरे चालतात. आता हे आधीसारखं कसं करायचं? अपडेट मागे घेता येतं का?

तारायंत्र
सिस्टिमचं अपडेट मागे घेण्याच्या भानगडीत पडू नका. बहुतेक फोनवर त्यात सगळा डेटा पुसला जातो. काही फोन जुनी सिस्टिम घेतच नाहीत आणि जबरदस्ती केली तर फोन कायमचा बंद पडू शकतो. बँकेचं ॲप त्याच फोनवर आहे, तेव्हा सुरक्षेचे अपडेट गमावणंही परवडणारं नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे क्वालिटी ४८० पीवर ठेवून द्या. एवढ्याशा पडद्यावर सासऱ्यांना फरक जाणवायचा नाही, आणि ७२० पी ६० च्या तुलनेत प्रोसेसरचं काम निम्म्याहून कमी होतं. दर सेकंदाला ६० चित्रं हा प्रकार बहुतेक वेळा ७२० पी आणि वरच असतो, त्यामुळे तोही आपोआप सुटतो. हे सेटिंग एका व्हिडिओपुरतं न करता ॲपच्या सेटिंग्जमध्ये कायमचं करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक येईल.

तोच व्हिडिओ ब्राउझरमध्ये उघडून बघा. तिथे कधी कधी वेगळा फॉरमॅट मिळतो. व्हीपी९ किंवा एच.२६४ मिळाला तर तेच साइटचं चिन्ह होम स्क्रीनवर आणून ठेवा, काम झालं.

ॲप फोनसोबत आलेलं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' करून त्याची मूळ आवृत्ती मिळते. पण जुनी ॲप्स काही काळाने 'अपडेट करा' म्हणून अडून बसतात. मी हा मार्ग घेणार नाही.

नवा फोन एवढ्यासाठी घेऊ नका. दुसऱ्या कारणाने घेणार असाल तर चिपमध्ये एव्ही१ चा हार्डवेअर डिकोडर आहे का ते आधी तपासा. आजही सगळ्या स्वस्त चिपमध्ये तो असेलच असं नाही.

पुन्हा_शून्यापासून
हे कोडेकचं माहीत नव्हतं. पण माझ्याकडे डाउनलोड केलेला एक चित्रपट हिरव्या ठिपक्यांनी भरून दिसतो, बाकीचे नीट दिसतात. तेही हेच का?

चकमक
त्याचाच चुलतभाऊ. फाइल १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणारी) एचईव्हीसी असावी. जुन्या बऱ्याच चिपना ८-बिटच जमतं. व्हीएलसी प्लेअरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा, एमएक्स प्लेअर असेल तर एचडब्ल्यूऐवजी (हार्डवेअर) एसडब्ल्यू (सॉफ्टवेअर) निवडा. रंग सुधारतील. फोन तापेल आणि १०८० पी असेल तर अडखळेलही. मग त्याच चित्रपटाची ८-बिट एच.२६४ फाइल शोधणं बरं.

संथवाहिनी
४८० पी कायमचं केलं. सासऱ्यांनी पूर्ण सामना बघितला आणि फोन कोमट म्हणावा इतपतच झाला. ब्राउझरमध्ये व्हीपी०९ मिळतं, त्यात ७२० पीसुद्धा चालतंय, पण त्यांना ॲपची सवय आहे म्हणून तेच ठेवलं. एक शेवटचं विचारते. फोनवरून टीव्हीवर लावलं तर तिथेही ४८० पीच दिसेल का? मोठ्या पडद्यावर ते खटकेल.

तारायंत्र
कसं लावता त्यावर आहे. ॲपमधलं 'कास्ट'चं चिन्ह दाबून लावलं तर व्हिडिओ टीव्ही स्वतः नेटवरून ओढतो आणि स्वतःच उलगडतो. फोन फक्त रिमोटचं काम करतो, त्यामुळे क्वालिटी टीव्ही ठरवेल. 'स्क्रीन मिररिंग' केलंत तर मात्र फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर जातो. उलगडायचं काम फोनकडेच राहतं, वर चित्र पाठवायचं ओझं वेगळं. तेव्हा त्यांना कास्टचं बटण दाखवून ठेवा.