'रास्ते का कांटा'मधली सायकलची घंटी : पटते का?

कसबेकर :
बासू चटर्जींची दूरदर्शनवरची 'ब्योमकेश बक्शी' (१९९३) परत पहिल्यापासून बघायला घेतली आहे. बंगाली गुप्तहेर ब्योमकेश झालेला रजित कपूर आणि त्याच्या गोष्टी सांणारा मित्र अजित झालेला के. के. रैना ही जोडी आजही तितकीच आवडते, त्याबद्दल वाद नाही. पण 'रास्ते का कांटा'पाशी अडलो.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी : कलकत्त्यात भर रस्त्यात एकामागून एक माणसं कोसळून मरतात आणि प्रत्येकाच्या काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. खुनी सायकलवरून येतो. पिन सुटते ती सायकलच्या घंटीतून, आणि ती सुटल्याचा आवाज घंटीच्या आवाजात बुडून जातो.

आता बघा. ही माणसं रस्ता ओलांडताना मरतात. ओलांडणारा माणूस सायकलवाल्याला आडवा असतो, म्हणजे समोर येतो तो दंड. घंटी हँडलवर, तोंड पुढे. मग पिन काळजात जाईल कशी? जो माणूस स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो, त्याच्या गोष्टीत एवढी ढिलाई चालू नये. मूळ कथेत राहून गेलं असेल, तर मालिकेने ते दुरुस्त करायला हवं होतं.

शनिवारपेठी :
साफ अमान्य. शरदिंदू बंद्योपाध्यायांनी ही कथा १९३२ साली लिहिली, ती काही पोलिसी पंचनामा म्हणून नव्हे. रोज कानावर पडणारा साधा आवाज मृत्यूचा करून टाकला, यातच सगळं आलं. हा भाग लागला तेव्हा मी पाचवीत होतो. पुण्यात तेव्हा सायकली किती होत्या ते आठवा. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मागून घंटी वाजली की मी दप्तर पाठीवरून काढून छातीशी धरायचो. ते भूमितीने होत नसतं.

कसबेकर :
भीती मलाही वाटली होती, दादा. पण भीती आणि तपशील यांचं वैर कुठे आहे? याच कथेत गुन्हेगाराची वर्तमानपत्रातली जाहिरात किती नेमकी आहे : शनिवारी साडेपाच वाजता अमुक दुकानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहायचं. इतकं बारकाईने लिहिणाऱ्याकडून मी बारकाईच मागणार.

सुईची डबी :
माझ्याकडे आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आहे आणि पिना मी जुन्या बाजारातून आणते. काल रात्री एक पिन पट्टीवर ठेवून मोजली : सोळा मिलिमीटर, म्हणजे माझ्या करंगळीच्या पहिल्या पेराएवढीसुद्धा नाही. पोलादी, टोक अणकुचीदार, पण वजन जवळजवळ नाहीच. मग घंटी उघडली. वाटी काढली की आत अंगठ्याचा खटका, दोन-तीन दातेरी चाकं आणि एक बारीक स्प्रिंग. हे सगळं तसंच ठेवून नळी बसवायला जागाच उरत नाही. आतलं बरंचसं काढून टाकावं लागेल, आणि मग ती घंटी वाजेल का? माझी खरी शंका ही आहे. दिशेचा मुद्दा मला त्यापुढे किरकोळ वाटतो.

लोहबिस्कीट :
ताई, जोराबद्दल कथेतच उत्तर आहे. आशुतोष मित्र वाचतात ते छातीवरच्या खिशातल्या घड्याळामुळे. पिन घड्याळात घुसून अडकते, आणि ते मोडकं घड्याळ घेऊन ते ब्योमकेशकडे येतात. घड्याळात रुतणारी पिन सदऱ्यातून जाणारच. शेवटी ब्योमकेश स्वतः छातीवर चिनी मातीची बशी बांधून जातो, कारण त्याने त्या जोराचा अंदाज आधीच घेतलेला असतो.

आणि कसबेकर, तुमच्या दिशेच्या मुद्द्याचं उत्तर घंटीच देते. जवळून घंटी वाजली की माणूस काय करतो? वळून बघतो. लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून पाहा, लोक नुसती मान वळवत नाहीत, अख्खे वळतात, कारण कुठे सरकायचं ते ठरवायचं असतं. म्हणजे घंटी आवाज झाकते आणि सावजाची छातीही समोर आणते. कथेत हे असं लिहिलेलं नाही, पण मला ते अगदी घट्ट बसतं.

कसबेकर :
हे मला सुचलं नव्हतं. मानलं. पण मग मालिकेत तो वळण्याचा क्षण ठळक दाखवायला हवा होता, हे माझं म्हणणं कायम. वाचताना आपण मनात भरून घेतो, पडद्यावर ते दिसावं लागतं.

शनिवारपेठी :
क्रमाचंही बोला मग. मालिका 'सत्यान्वेषी'पासून सुरू होते, म्हणजे अजित आणि ब्योमकेश मेसमध्ये पहिल्यांदा भेटतात तिथून. लेखकाने आधी 'पथेर काँटा' (म्हणजे 'रास्ते का कांटा'ची मूळ बंगाली कथा) लिहिली होती, भेटीची कथा नंतर. मालिकेने मांडणी सरळ केली, आणि ते तुम्हाला चाललं! तिथे बदल चालतो, तर इथे विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

लोहबिस्कीट :
तो बदल नव्हे. भेट १३३१ बंगाली सनातली, म्हणजे १९२४-२५ ची, असं अजित स्वतः सांगतो. लेखक मागे जाऊन दुवा जोडतो आणि तो जुळतो. असा माणूस हातातला तपशील सैल सोडत नाही, म्हणून तर मी घंटीवर त्याची बाजू घेतोय. आणि हे आपण पुण्यात बसून बोलतोय याचं मला फार अप्रूप आहे. मुंबईचं चित्रपटांचं काम सोडून शरदिंदू १९५२ मध्ये इथेच राहायला आले, आणि ब्योमकेशच्या कितीतरी कथा त्यानंतरच्या आहेत. एक तर थेट महाबळेश्वरात घडते.

सुईची डबी :
आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करून पाहिलं. भाच्याला सायकल दिली, मी आडवी चालत राहिले, घंटी कधी वाजणार ते त्याने सांगायचं नाही. पाच वेळा केलं. तीनदा मी पूर्ण वळले, छाती त्याच्याकडे. दोनदा फक्त मान वळली. लोहबिस्कीट, तुमचं बरंचसं खरं निघालं. घंटीत नळी कुठे बसते ते मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही.