मदत हवी आहे: वजन ओढायच्या स्पर्धेसाठी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची नक्षी हातानं कशी कापावी?

ऊसवाला_रेणापूर
राम राम मंडळी. आमच्या गावची जत्रा पाडव्यानंतर असती, दरसाल ट्रॉली रिव्हर्सची स्पर्धा व्हायची, औंदा पोरांनी ठरवलंय वजन ओढायची ठेवायची. वेल्डिंगवाल्याकडून ट्रॅक्टरला साखळीनं बांधून ओढायची लोखंडी घसरगाडी करून घेतली, वर वाळूच्या गोण्या टाकायच्या, ट्रॅक मुरूम टाकून पाणी मारून रोलर फिरवलेला. आपला ट्रॅक्टर ५० एचपी, मागं १४.९-२८ साइजचे, ऊस वाहतुकीला पळलेले टायर हायत पण नक्षी अजून निम्म्याच्या वर शिल्लक हाय.

आता मुद्दा. यूट्यूबवर अमेरिकेतल्या स्पर्धा बघून डोकं फिरलंय राव, तिकडं लोक चांगले खोल लगाचे (लग म्हंजी टायरवरच्या उंच रबरी पट्ट्या) टायर घेतात आन सुरीनं लग कापून बारीक करायलेत, कड धारदार करायलेत, मग तसलाच टायर लावून ओढायलेत. आपण तर जास्त नक्षी म्हणजे जास्त पकड असंच ऐकत आलोय, मग हे लोक कामून कापायलेत? आन कापायचंच तर लगाची कुठली बाजू कापायची, किती खोल, आन कशानं? गावातला पंक्चरवाला म्हणतोय ग्राइंडर मार, आमचे मामा म्हणायलेत कोयता गरम करून लाव. दोघांवरही माझा भरोसा नाही. कुणी केलं असंल तर सांगा.

मुरूम_रोड
भाऊ आधी कमिटीला विचार की कापलेला टायर चालतो का. तिकडं अमेरिकेत सुद्धा शेतातल्या साध्या ट्रॅक्टरचा जो खालचा गट असतो त्यात बऱ्याच ठिकाणी कापलेल्या टायरला बंदी हाय. तू कापून बसशील आन जत्रंत कुणीतरी उठून वाद घालंल. नियम पयला कागदावर घ्या, सगळ्यांपुढं वाचा.

रिमोल्डवाला_वाळूज
मी टायरच्या लाइनीतलाच आहे, वाळूजला. सांगतो, जरा लांबलचक होईल.

कामून कापतात ते आधी. उंच लग मऊ मातीत कामाचा, शेतात आत रुततो, मातीला धरतो. पण रोलर मारलेल्या कडक ट्रॅकवर तो आत जातच नाही, वरच्या वर उभा राहतो आणि जोर आला की रबर मागं वाकतं, थरथरतं, आणि तुमच्या इंजिनाची ताकद रबर वाकवण्यात जाते. लग बुटका केला की तो ताठ राहतो, कड धारदार असली की मुरमात चावतो, वखराच्या पाशीला धार असली की कसं होतं तसंच समजा. शिवाय रबर काढल्यानं चाक हलकं होतं, फिरवायला कमी जोर लागतो, पण तिकडच्या मोठ्या इंजिनांना त्याचा फायदा जास्त, ५० एचपीला फार फरक पडणार नाही हे खरं सांगतो.

बाजू कुठली: चाक पुढं फिरताना लगाची जी कड जमिनीला आधी टेकते आणि मग मातीला मागं ढकलते, तिला हात लावायचा नाही, ती उंच आणि सरळ ठेवायची. मागची बाजू उतरती कापायची, म्हणजे लगाचा माथा पुढून मागं उतरता होतो. टायरवर बाण असतो तो बघून खडूनं खूण करून घ्या, चुकीची कड उतरवली की टायर कामातून गेला, चिकटवायला रबर येत नाही परत.

किती खोल याला आकडा नाही. थोडं थोडं काढा. लगाच्या मुळाशी तर जायचंच नाही, तिथून खाली केसिंग, म्हणजे टायरचं धाग्यांचं मूळ अंग, आणि नायलॉनचे धागे दिसले की तो टायर ओढायला सोडा, शेतात पण लावू नका. आणि दोन्ही टायर सारखे कापा, कापून झाल्यावर टेप गुंडाळून घेर मोजा. घेर वेगळा असला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि मग चालवणारा स्टिअरिंगशी झुंजत बसतो.

कशानं: गरम पात्याचं ग्रूव्हर, जे ट्रकच्या टायरला खाचा पाडायला वापरतात, ते बेस्ट. हातानं करायचं तर चांगल्या धारेची सुरी, साबणाचं पाणी लावत लावत, कोरड्या रबरात पातं अडकतं आणि मग हात सुटतो. कोयता वगैरे नको राव. ग्राइंडरनं फिनिशिंग जमतं पण डिस्क रबरात धरली की झटका देतं, धूर आणि रबराची भुकटी नाकात जाते, मास्क चष्मा लावा, मोकळ्यावर करा. नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर उचलून त्याच्याशी झटापट करू नका, खाली पक्का ठोकळा द्या, नाहीतर चाक काढून घ्या.

ऊसवाला_रेणापूर
आता कळ्ळं, लई आभार दादा. बाण बघितला, मी उलटीच बाजू धरून बसलो असतो बहुतेक. अजून एक, टायरात पाणी भरलेलं हाय ते ठेवू का काढू?

काळी_माती_औसा
ठेव की. १४.९-२८ मध्ये पाऊण भरलं तर दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतंय, म्हणजे एका चाकाला दोनशे किलो. मागं वजन तर पाहिजेच ओढायला. पण मग पुढं पण वजन लावावं लागंल, नाहीतर पुढची चाकं उचलतील. आन हवा फार कमी करू नको, आपल्याकडं ट्यूबचे टायर असतात, कमी हवेत जोर लावला की टायर रिमवर घसरतो आन ट्यूबचा वॉल्व मुळातून तुटतो. रिमवर आन टायरवर खडूनं एक रेघ मारून ठेव, रेघ सरकली की समज.

एक सांगायचं राहिलं, ट्रॅक ओला हाय का कोरडा त्यावर पण हाय सगळं. आपली काळी माती ओली असली की लगांच्या मधी चिकटून बसती, गोल चाकच होतं नुसतं, मग धार काढून काय उपयोग. म्हणून मुरूमच ठेवा, काळ्या रानात नको.

नांदेड_डिझेल
टायरपेक्षा साखळी कुठं बांधता ते बघा आधी. टॉप लिंकला (अवजार जोडायचा मागचा वरचा दांडा) नाहीतर वर कुठं बांधली की ट्रॅक्टर मागं उलटतो, चालवणाऱ्याच्या अंगावर. मागच्या धुऱ्याच्या खाली असलेल्या ड्रॉबारलाच, म्हंजी ओढायच्या लोखंडी पट्टीलाच, बांधायची. अमेरिकेत यासाठी मागं चाकं लावलेले दांडे असतात उलटू नये म्हणून, आन तिथली घसरगाडी पण वेगळी, त्यातलं वजन ट्रॅक्टर पुढं जाईल तसं सरकत पुढं येतं, म्हणून शेवटी ओढणं अवघड होतं. ३०० फूट पार केलं की पूर्ण. १९६९ पासून तिकडं राष्ट्रीय संघटनाच हाय या खेळाची. आपल्याकडं साखळी तुटली तर मागं उभ्या माणसाची खैर नाही, पब्लिकला लांब ठेवा, जत्रंत हेच कुणी ऐकत नाही.

मुरूम_रोड
बरोबर. आन एक, ऊस वाहतुकीचा टायर कापू नको. कारखाना सुरू झाला की परत तोच लावायचा ना, बुटक्या नक्षीनं ओल्या रानातून भरलेली ट्रॉली निघंल का?

ऊसवाला_रेणापूर
नाही नाही, ते तसेच ठेवणार. घरी जुनी जोडी पडली हाय, केसिंग चांगलं वाटतंय पण धागे कुठं उघडे आहेत का ते उद्या धुवून बघतो. कमिटीत पण विषय काढतो, साखळीचं आन पब्लिकचं त्यांना सांगावंच लागंल.

आता फक्त ग्रूव्हरचं राहिलं. विकत घेऊन एकाच जत्रेला वापरणं परवडत नाही. लातूर, औसा, अंबाजोगाई साइडला कुणाकडं भाड्यानं मिळतंय का?